नाशिकचे चित्रपटकथालेखक व त्यांचे कागद

इतिहासाची साधने म्हणून बखरी, पत्रव्यवहार, महजर, निवाडपत्रे, जमाखर्चाचे बंद इत्यादी कागदांची योग्यता आता सर्वमान्य झाली आहे. शाहिरांच्या बाडांकडे व कीर्तनकारांच्या आख्यानवह्यांकडेही संग्राहकांचे लक्ष पुष्कळ वेधले आहे. नाटकमंडळ्यांच्या नकलांच्या वह्या मात्र उशिरा जमवू लागल्यामुळे त्यांतील फार मोठा भाग हातचा गेला. हाच प्रकार आज चित्रपटकथांच्या खर्ड्यांविषयी चालू आहे. चित्रपट पाहावयाचा असतो, वाचावयाचा नसतो, ही समजूत इतकी दृढ आहे की त्याच्या मुळाशी कोणीतरी बसून लिहिलेला कागद असतो ही गोष्टच विस्मरणात जाते. नाशिक क्षेत्राशी या लेखनाचा संबंध अगदी प्रारंभापासूनचा आहे. तो संबंध तीन लेखकांच्या आधारे दाखवावा, आणि चित्रपटकथेचा खर्डा हा पाठनिर्णयाला लागणारा अस्सल कागद आहे हे सिद्ध करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. धुंडिराज गोविंद फाळके

फाळके यांचा जन्म दि. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला व त्यांचा अंत दि. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकात झाला. मधल्या काळातील त्यांचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात झाले. पुराणवस्तु-संशोधन खात्यातील नोकरी, लोणावळ्याच्या रविवर्मा छापखान्यातील शिळाप्रेसचे काम आणि इ. स. १९१२ मधील विलायतची वारी या गोष्टी वाचकांस परिचित आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा पहिला कथापट दि. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला. त्याच वर्षी त्यांनी आपले बिऱ्हाड व कारखाना नाशिकास हलविला. ‘मोहिनी भस्मासुर’ (१९१३), ‘सत्यवान सावित्री’ (१९१४), ‘लंकादहन’ (१९१७) हे पट नाशिककालातील होत. इ. स. १९१८ च्या आरंभी भांडवलदार भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. तिच्या नावावर ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) व ‘कालिया मर्दन’ (१९१९) हे पट निघाले.

फाळके यांचा गौरव आजवर बहुधा धाडसी उद्योजक, छायालेखक व दिग्दर्शक या नात्यांनी झाला आहे. लेखक या नात्याने त्यांचा विचार क्वचितच झालेला दिसतो. वस्तुतः ‘राजा हरिश्चंद्र’ पटाची कथारचना, पात्रांची शिकवण, रंगभूषा, देखाव्यांची आखणी, छायालेखनाची व्यवस्था, फिल्म धुणे व जोडणे ही सर्व कामे एकाच माणसाच्या देखरेखीखाली होती. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी फिल्मला भोके पाडण्यापासून मंडळीच्या स्वयंपाकापर्यंतचा भार उचलला. अशा घरगुती कारखान्यात लेखक हा स्वतंत्र नोकर असण्याचे कारणच नव्हते. लेखकाचे नाव वेगळे आढळत नाही याचा अर्थ लेखन नव्हते असा नव्हे. लिहिणारा व चित्र घेणारा एकच होता, इतकाच त्याचा अर्थ होय.

फाळके हे लेखणी धरणारे गृहस्थ होते, याला स्वतंत्र पुरावाही आहे. इ. स. १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात ‘भारतीय चित्रपट’ या विषयावर त्यांची लेखमाला प्रसिद्ध झाली. कंपनीतील भागीदारांशी मतभेद होऊन ते काही काळ काशीस जाऊन राहिले असता त्यांनी ‘रंगभूमी’ नावाचे मराठी नाटक रचले. चित्रपटाच्या धंद्यातून बाहेर पडताच या पुरुषाने नाटक लिहावयास घ्यावे, ही गोष्ट त्याच्या मूळ वृत्तीवर बराच प्रकाश टाकते.

२. मूकपटाच्या लेखनाचे स्वरूप

मूकपटात संवाद ऐकू येत नाहीत, तेव्हा लेखकास करावयाचे ते काय, अशी शंका येणे साहजिक आहे. त्याचे काम मुख्यतः दोन प्रकारचे होते. पहिले काम प्रवेशांची निवड. हरिश्चंद्राचे आख्यान कीर्तनात तीन-चार तास चालते, नाटकात रात्र पुरवते. ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा, सुमारे ३७०० फूट लांबीचा होता. एका फुटात सोळा चित्रे मावतात व त्या काळी सेकंदास सोळा चित्रांची गती सामान्यतः धरीत. म्हणजे एक फूट म्हणजे एक सेकंद असा सोपा हिशेब पडतो. या मानाने सगळा पट एका तासाचा होतो. यंत्र हाताने फिरवीत असल्यामुळे प्रत्यक्षात थोडेफार अंतर पडे. राज्य, दान, वनवास, विक्रय, स्मशान व देवदर्शन एवढे सगळे या तासात बसवावयाचे, तर कोणता प्रवेश ठेवावा व कोणता टाकावा याचा निर्णय आधी कागदावरच झाला पाहिजे. फिल्म विलायतेहून येई व तिचे मोल रोख द्यावे लागे. चित्र घेताना विचार करीत बसणे परवडणारे नव्हते.

दुसरे काम दृश्यांच्या मधून येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांचे. ‘राजा हरिश्चंद्र’ पटाच्या उपलब्ध रिळांत या पाट्या इंग्रजी व देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत आहेत. वरील हिशेबानेच पाहता, दहा शब्द सावकाश वाचणारास दहा सेकंद लागतात असे धरले, तर पाटीचे दहा फूट झाले. दोन भाषा घातल्या की त्याहून अधिक. अशा पन्नास पाट्या घातल्या तर तासाच्या पटातील आठ मिनिटांहून अधिक काळ केवळ अक्षरांत जातो. तेव्हा शब्दागणिक फिल्म मोजूनच मूकपटाचा लेखक मजकूर लिही. ताम्रपटाचा लेखक पत्र्यावरील जागा पाहून वाक्य आखडते घेतो, तशातलाच हा प्रकार आहे.

यात आणखी एक अडचण होती. इ. स. १९११ च्या खानेसुमारीप्रमाणे हिंदुस्थानात साक्षरांचे प्रमाण शेकडा सहाच्या आतच होते. म्हणजे पाटी वाचू शकणारा प्रेक्षक थोडा; बाकीच्यांनी शेजाऱ्याने मोठ्याने वाचलेले ऐकावयाचे. फाळके यांनी पुराणातील कथाच सातत्याने का निवडल्या याचे उत्तर त्यांच्या धर्मनिष्ठेत व स्वदेशीच्या अभिमानात शोधले जाते, आणि ते खोटे नाही. परंतु लेखनाच्या दृष्टीने त्याचे दुसरेही कारण लक्षात घेतले पाहिजे. जी कथा प्रेक्षकास पाठ आहे तिला पाट्या कमी लागतात. विश्वामित्र कोण, तारामती कोणाची, रोहिदासाचे काय झाले, हे सांगण्यात एक फूटही खर्चावा लागत नाही. चित्राने केवळ आठवण द्यावयाची असते. कीर्तनकार, पुराणिक व रविवर्म्याची घरोघर पोचलेली छापील चित्रे यांनी कथेची पूर्वपीठिका आधीच लिहून ठेवली होती. ‘राजा हरिश्चंद्र’ पटाच्या आरंभीची राजकुटुंबाची मांडणी रविवर्म्याच्या चित्राची आठवण देते, ती यामुळेच.

‘कालिया मर्दन’ पटात याच लेखनाची प्रगत अवस्था दिसते. फाळके यांची कन्या मंदाकिनी ही त्यात कृष्ण झाली आहे. पटाच्या आरंभी सात वर्षांच्या या मुलीचे निरनिराळे मुखभाव दाखविले आहेत व मग तीच मुलगी कृष्णरूपाने कथेत येते. नाटकात सूत्रधार येऊन पात्राची ओळख करून देतो, ते कार्य येथे पाटी व मुखभाव यांनी साधले आहे. हा विचार चित्र घेता घेता सुचलेला नसून प्रवेशक्रमात आधीच योजलेला असला पाहिजे, हे रचनेवरून उघड होते.

३. पाठनिर्णयाचा प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ‘राजा हरिश्चंद्र’ या नावाने जी रिळे जतन केली आहेत ती पहिले व शेवटचे अशी दोन, एकूण सुमारे दीड हजार फूट लांबीची आहेत. परंतु फाळके यांनी हीच कथा इ. स. १९१७ मध्ये ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ या नावाने पुन्हा चित्रित केली होती. उपलब्ध रिळे १९१३ ची नसून १९१७ च्या पटाची आहेत, असे मत वीरचंद धरमसी व सुरेश छाब्रिया यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडले आहे. हिंदुस्थानातील पहिला कथापट म्हणून आपण जे दाखवितो, ते मूळ की कर्त्यानेच चार वर्षांनी केलेली दुसरी प्रत, असा हा वाद आहे.

पोथ्यांच्या अभ्यासकांस यात नवे काही वाटणार नाही. अस्सल नष्ट व्हावे, नक्कल उरावी आणि नकलेसच लोकांनी अस्सल म्हणावे, हे प्रकार आपण नित्य पाहतो. अशा वेळी आपण पाठांची तुलना करतो, लेखनकाल, हस्ताक्षर व कागद पाहतो. चित्रपटाच्या बाबतीत हे कार्य करू शकणारा कागद म्हणजे लेखकाचा प्रवेशक्रम व पाट्यांच्या मजकुराची यादी होय. १९१३ च्या पटाची अशी यादी व १९१७ च्या पटाची अशी यादी शेजारी शेजारी ठेवता आल्या असत्या, तर अर्ध्या तासाच्या कामात हा वाद मिटता. फिल्म जळते, झिजते, कापली जाते, दोन प्रतींतील तुकडे एकत्र जोडले जातात. कागद त्या मानाने चिवट असतो.

सरकारी दप्तरांचा उपयोगही येथे मर्यादित आहे. चित्रपटविषयक कायदा इ. स. १९१८ चा व मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथील तपासणी मंडळे इ. स. १९२० ची. तेव्हापासून तपासणीच्या याद्यांत पटाचे नाव, कंपनी व लांबी यांची नोंद सापडते. परंतु फाळके यांचे सर्वांत महत्त्वाचे नाशिककालीन पट १९२० पूर्वीचे, म्हणजे या नोंदींच्या अलीकडे न येणारे आहेत. ज्या काळास सरकारी नोंद नाही त्याच काळाचे खाजगी कागद अधिक मोलाचे ठरतात, हा नियम येथेही लागू पडतो.

हानी किती झाली याची कल्पना यावी म्हणून सांगावयाचे तर, हिंदुस्थानात मूकपटांच्या युगात सुमारे तेराशे पट निघाले. त्यांतील पूर्ण-अपूर्ण मिळून तीसच्या आसपास उरले आहेत. त्या काळची फिल्म नायट्रेटची, अत्यंत ज्वालाग्राही. कित्येक पट गोदामांच्या आगीत गेले, कित्येक त्यांतील चांदी काढण्यासाठी धुतले गेले. पुण्याचे राष्ट्रीय संग्रहालय निघाले ते इ. स. १९६४ मध्ये, म्हणजे फाळके निवर्तल्यावर वीस वर्षांनी. आणि जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मांचा मोठा साठा भस्म झाला.

४. बोलपट व श्रमविभाग

इ. स. १९३१ मध्ये बोलपट आला व लेखकाचे स्थान पालटले. पाटीचा मजकूर जाऊन संवाद आले; पुराणे जाणणारा कारागीर पुरेना, भाषाप्रभू साहित्यिक हवा झाला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या ‘सावकारी पाश’ (१९२५) या मूकपटास नारायण हरी आपटे यांची कथा होती. तेच आपटे पुढे प्रभात कंपनीच्या कामी आले. ‘संत तुकाराम’ (१९३६) व ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) शिवराम वाशीकर यांनी लिहिले. ‘छाया’ (१९३६) वि. स. खांडेकर यांची, तर ‘ब्रह्मचारी’ (१९३८) प्र. के. अत्रे यांची कृती.

याच दशकाच्या मध्यास नाशिकात गोदावरी सिनेटोन नावाची संस्था काम करीत होती. तेथील हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या विष्णु वामन शिरवाडकर नामक तरुणाने तिच्या ‘सती सुलोचना’ या बोलपटाची पटकथा लिहिली व त्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली. पट चालला नाही आणि लेखक वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांकडे वळला. हेच शिरवाडकर पुढे कुसुमाग्रज या नावाने विख्यात झाले. त्यांचा ‘विशाखा’ हा संग्रह इ. स. १९४२ चा; ज्ञानपीठ पुरस्कार १९८७ चा. ज्या कवीच्या प्रत्येक ओळीचा पाठ आज काळजीने जपला जातो, त्याच्या आरंभीच्या लेखनात एका पडलेल्या बोलपटाची वहीही आहे, ही गोष्ट चरित्रकारांनी एका वाक्यात सांगून पुढे जाण्यासारखी नाही. संवाद ऐकू येण्यासाठी लिहावयाचा, ही शिस्त ‘नटसम्राट’कारास प्रथम कोठे लागली याचा शोध या वाटेनेच घेतला पाहिजे.

तिसरे नाव वसंत कानेटकर यांचे. नाशिकात प्राध्यापकी करीत त्यांनी नाटके लिहिली. त्यांच्या ‘अश्रूंची झाली फुले’ या नाटकावरून ‘आँसू बन गये फूल’ (१९६९) हा हिंदी चित्रपट निघाला व कथेबद्दल कानेटकरांस फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. येथे अवस्था पुन्हा बदलली: लेखक नाशिकात, कारखाना मुंबईत, भाषा दुसरी. फाळके यांच्या ठायी एकवटलेले काम आता मूळ कथा, पटकथा व संवाद अशा तीन वाटण्यांत गेले, आणि प्रत्येक वाटणीचा कागद वेगळा झाला.

या मधल्या कागदाचे महत्त्व ‘कुंकू’ (१९३७) च्या उदाहरणाने स्पष्ट होईल. आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी छापील आहे. तिच्यावरून निघालेला ‘कुंकू’ व त्याचीच हिंदी आवृत्ती ‘दुनिया ना माने’ हे पटही उपलब्ध आहेत. मूळ व अंतिम रूप दोन्ही पाहावयास मिळतात. परंतु यांपैकी कोणता फेरफार लेखकाचा, कोणता दिग्दर्शकाचा, कोणता नटाच्या तोंडी आयत्या वेळी आलेला, हे केवळ मधला खर्डाच सांगू शकेल. समासातील दुरुस्त्या, निळ्या पेन्सिलीने काटलेली वाक्ये, प्रवेशांचे बदललेले क्रमांक या खुणांतच लेखकाचा हक्क व लेखकाची तक्रार दोन्ही नोंदलेली असतात. हा हक्क केवळ मानाचा नाही. इ. स. १९५७ च्या कृतिस्वामित्व कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली, तीमुळे चित्रपटासाठी लिहिणारास चित्रगृहाबाहेरील उपयोगाच्या मानधनातील वाटा सोडून देता येत नाही. वाटा मागावयाचा तर लेखन आपले हे दाखविता आले पाहिजे.

५. दूरदर्शनमालिकांचे लेखन

मुंबई दूरदर्शन केंद्र दि. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. खाजगी मराठी वाहिन्या १९९९ पासून प्रबळ झाल्या. दररोजच्या मालिकेत आठवड्यास सहा भाग धरले तर वर्षास तीनशे बारा भाग होतात. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, अशी येथेही वाटणी असते. संवादलेखकाचा मजकूर कित्येकदा चित्रणाच्या आदल्या रात्री संगणकावरून रवाना होतो, दुसऱ्या दिवशी पाठ केला जातो व तिसऱ्या दिवशी त्याचा कोणास उपयोग राहत नाही. फाळके यांच्या वेळी फिल्म महाग म्हणून शब्द थोडे होते. आता शब्द अमाप आहेत व जपणारा कोणी नाही. मराठी घरांतील बोलीचा, मानपानाचा, सणवारांचा व नातेसंबंधांचा गेल्या पंचवीस वर्षांतील इतका विस्तृत लेख दुसरीकडे मिळणार नाही. मुंबईची पटकथालेखकांची संघटना लेखन नोंदवून घेते, त्यामुळे कालनिश्चिती होते. परंतु ती नोंद लेखकाच्या हक्करक्षणासाठी आहे, अभ्यासकांच्या उपयोगाचे ते दप्तर नव्हे.

६. संग्राहकांस विनंती

त्र्यंबकेश्वर, पंचवटी व जुन्या नाशकातील वाडे यांतून क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या ज्या निष्ठेने जमविल्या गेल्या, त्याच निष्ठेने हे कागदही जमविले जावेत. काय पाहावे याची दिशा पुढीलप्रमाणे सुचविता येईल. चित्रपटाच्या कथेचा गोषवारा व पदे छापलेल्या चोपड्या चित्रगृहांत अल्प किमतीस विकल्या जात. त्यांवर लेखकाचे नाव बहुधा असते, म्हणून एकही चोपडी क्षुल्लक मानू नये. पटकथेची वही मिळाल्यास पृष्ठसंख्या, कागदाचा आकार, शाई की पेन्सिल की टंकलेखन, दुरुस्त्यांची हस्ताक्षरे किती व कोणत्या रंगाची, याची नोंद प्रथम करावी. वहीत खोचलेली चिठ्ठी, खर्चाचा तपशील किंवा नटाच्या भाषणाची सुटी नक्कल वहीपासून वेगळी करू नये. ती जेथे सापडली तेथेच तिचा अर्थ असतो. एकाच पटाच्या दोन प्रती मिळाल्या तर दुसरी टाकून देऊ नये, कारण पाठभेद तिच्यातच असावयाचा. मालिकालेखकांनी आपले भाग क्रमांक व दिनांक घालून कागदावर उतरवून ठेवावे व एखाद्या वाचनालयाच्या हवाली करावे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय इ. स. १८४० पासूनचे आहे. अशा संस्थांस हे कार्य परके नाही. मात्र जुन्या फिल्मचे डबे आढळल्यास ते कागदांजवळ वा घरात क्षणभरही ठेवू नयेत. पुण्याच्या संग्रहालयास ताबडतोब कळवावे.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके यांचे स्मारक उभे आहे. त्या डोंगरातील सातवाहनांचे व क्षत्रपांचे लेख दगडावर कोरले होते म्हणून नाशिकचा दोन हजार वर्षांपूर्वीचा इतिहास आपण लिहू शकतो. शंभर वर्षांपूर्वीच्या लेखकाने मात्र आपला मजकूर कागदावर व फिल्मवर लिहिला, आणि तो कोणत्या पटाचा हे ठरविताना आज आपण अडून बसलो आहो. नाशिकच्या कोणा गृहस्थाच्या माळ्यावर फाळके यांच्या कारखान्यातील एखादी वही अथवा पाट्यांच्या मजकुराचा एखादा बंद असल्यास त्यांनी तो मंडळाकडे नकलेसाठी तरी द्यावा. एका पानाने एक मोठा वाद मिटण्याजोगा आहे.